मॅक्लिओडगंजचं लुंगटा: एका नागपूरकर फिजिओथेरपिस्टचा अनुभव

हिमाचलातल्या धरमशालेच्या वरच्या अंगाला मॅक्लिओडगंज आहे. तिथल्या मुख्य चौकातून जोगीवाडा रस्ता खाली उतरतो. दोन्ही बाजूंना शालींची, चांदीची, मोमोंची दुकानं. समोरून गाडी आली की माणसांनी भिंतीला चिकटून उभं राहायचं, इतका अरुंद. याच उतारावर लुंगटा आहे, जपानी शाकाहारी हॉटेल. २०१८ आणि २०१९ अशा दोन ऑक्टोबर महिन्यांत मी तिथे एकूण सात वेळा जेवले. पहिल्या वर्षी भाची सोबत होती, दुसऱ्या वर्षी एकटीच गेले. हे लिहिते आहे ते त्या सात जेवणांच्या भरवशावर.

आधी जेवणाचं सांगते, कारण ते हॉटेल आहे आणि तिथे जाणाऱ्याने पोटभर जेवून यावं ही माझी पहिली इच्छा आहे.

रोजचं एक ठरलेलं ताट असतं, दर दिवशी वेगळं. भात, मिसो सूप, भाज्या, टोफू असं काहीबाही. मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा. मी विदर्भातली. आमच्याकडे नजर जाईल तिथवर सोयाबीन. पेरायचं, सोंगायचं, मळून बाजार समितीत न्यायचं आणि भावाकडे डोळे लावून बसायचं. घरात त्याचं तेल येतं, कधी वड्या येतात, बस. त्याच दाण्याचं असं खोल चवीचं, खारट, पोटात उतरताना जाणवत जाणारं सूप होतं हे मला साठीला आल्यावर कळलं. वाटी दोन्ही हातांनी उचलून ओठाला लावायची. ऑक्टोबरात तिथे ऊन गेलं की एकदम गारठा पडतो, तेव्हा आधी तळहात शेकून घ्यायचे आणि मग प्यायचं.

टेंपुरा म्हणजे भजी, असं मी घरी फोनवर सांगितलं, पण तेवढ्याने भागत नाही. बेसन नाही, ओवा नाही, हळद-तिखट नाही. पीठ इतकं पातळ की आतल्या गाजराचा रंग बाहेरून दिसतो. ओकोनोमियाकी मागवलं तर कोबीचं जाडसर थालीपीठच समोर आल्यासारखं वाटतं, वरून गोडसर सॉस. उदोनच्या जाड नूडल्स भाचीला आवडल्या, मला तितक्या नाही. तेव्हा मंगळवारी आणि शुक्रवारी सुशी असायची, रविवारी हॉटेल बंद असायचं. तिखटाची सवय असलेल्यांनी पहिल्याच जेवणावर मत बनवू नये. माझ्या सावजी जिभेला दुसऱ्या दिवसापासून त्या जेवणातली चव सापडायला लागली.

हे हॉटेल नफ्यासाठी चालत नाही. तिबेटमधल्या तुरुंगांतून सुटून, हिमालय ओलांडून धरमशालेला पोचलेल्या राजकीय कैद्यांना हातभार लागावा म्हणून त्यांच्या जपानी मित्रांनी ते उभं केलं. त्या कैद्यांची संघटनाही याच रस्त्यावर आहे. तिचं नाव गु-चु-सुम. तिबेटी भाषेत गु म्हणजे नऊ, चु म्हणजे दहा, सुम म्हणजे तीन. हे महिन्यांचे आकडे आहेत. २७ सप्टेंबर १९८७, १ ऑक्टोबर १९८७ आणि ५ मार्च १९८८ या तीन दिवशी ल्हासात भिक्षू आणि त्यांच्यामागे साधी माणसं रस्त्यावर उतरली, आणि मग धरपकड सुरू झाली. सुटून आलेल्यांनी १९९१ मध्ये धरमशालेत संघटना काढली, तेव्हा एखादं भारदस्त नाव न घेता त्यांनी ते तीन महिनेच नाव म्हणून घेतले. चिमूर-आष्टीकडच्या आमच्या भागात म्हातारी माणसं नुसतं "बेचाळीस" म्हणायची आणि पुढचं कोणाला सांगावं लागायचं नाही, तसं ते आहे.

माझा आणि तिबेटी माणसांचा संबंध स्वेटरचा. नागपुरात थंडीची चाहूल लागली की त्यांची दुकानं लागतात. लहानपणी माझी आई दरवर्षी एकाच बाईकडून स्वेटर घ्यायची. दोघी बराच वेळ घासाघीस करायच्या, शेवटी ती बाई हसून पाच रुपये कमी करायची आणि आई पुढच्या वर्षीचं माप सांगून ठेवायची. ती नेपाळची, असं आम्ही मुलं खुशाल धरून चाललो होतो. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला, नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे हे मला कॉलेज संपल्यावर कळलं. म्हणजे इतकी वर्षं ती माणसं आमचे शेजारी होती. २०१७ च्या हिवाळ्यात स्वेटर विकणाऱ्या एक बाई खांदा धरून माझ्याकडे आल्या. गठ्ठे उचलून धरलेला खांदा, चार दिवसांत मोकळा झाला. जाताना त्यांनी पैसे टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "धरमशालेला गेलात तर लुंगटात जेवा. पैसा चांगल्या ठिकाणी जातो." एवढ्या एका वाक्यावर मी गेले.

पहिल्याच दिवशी आमच्याकडून चूक झाली. ती लिहिते, कारण हे वाचून जाणाऱ्यांकडून ती होऊ नये.

आम्हाला वाढणारा माणूस पन्नाशीच्या आसपासचा, चांगला उंच. ट्रे डाव्या हातात, उजवं कोपर अंगाशी. वरच्या फळीवरची बरणी काढायला त्याने स्टूल ओढलं. इतक्या उंच माणसाला त्या फळीसाठी स्टूल लागायला नको. पस्तीस वर्षं हेच काम केल्यामुळे माणूस दारातून आत येईपर्यंत माझी त्याची चाल, मान, खांदे वाचून होतात. हात मागे बांधून त्या हातांवर माणसाला टांगलं की खांद्याचे बंध ताणले जातात, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ओढल्या जातात. पुढे कित्येक वर्षं हात डोक्याच्या वर जात नाही, खांद्याचं पातं पाठीतून बाहेर आल्यासारखं दिसतं. हे मी हळू आवाजात भाचीला सांगितलं. सांगायला नको होतं. ती सव्वीस वर्षांची, मनाने हळवी. तो बिलाची बशी घेऊन आला तसं तिने हिंदीत विचारलं, "भैया, आप भी जेल में थे क्या?"

तो काही क्षण तसाच उभा राहिला. चेहऱ्यावर राग नाही, काहीच नाही. मग म्हणाला, "चाय लेंगे?" आणि गेला. थोड्या वेळाने दोन कप चहा आणून ठेवला. चहा आम्ही मागवला नव्हता, बिलातही तो नव्हता.

भाची रस्त्यावर येऊन रडली. मी तिला काय सांगणार, सुरुवात माझीच होती. पण त्या रात्री झोप येईना तेव्हा एक गोष्ट मला स्वच्छ दिसली. कोठडीत काय असतं? एक माणूस प्रश्न विचारतो आणि दुसऱ्याला उत्तर द्यावंच लागतं. मारझोड, वीज, टांगणं हे सगळं त्या प्रश्नाच्या मागून येतं. त्यातून जो वाचून आला त्याच्या वाट्याला आयुष्यभर पुरतील इतके प्रश्न आधीच येऊन गेलेले असतात. आणि आम्ही काय केलं, तर त्याच्याच कामाच्या जागी, त्याला निघून जाता येत नाही अशा वेळी, पुन्हा एक प्रश्न समोर ठेवला. चांगल्या मनाने ठेवला, पण ठेवला. तो माणूस तुरुंगात होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. स्कूटरवरून पडूनही खांदा असा होतो. मला ते कळण्याचं काही कारणच नव्हतं.

यापेक्षा मोठी चूक मी स्वतः, एकटीने, माझ्या क्लिनिकमध्ये केली आहे. ती आजवर कुठे लिहिलेली नाही.

पंचवीसेक वर्षं झाली असतील. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दोन खोल्यांचं क्लिनिक होतं. गावाबाहेरच्या पारध्यांच्या बेड्यावरून, म्हणजे वस्तीवरून, एक मुलगा आला, वीस-बावीस वर्षांचा, सोबत त्याची आई. कंबर दुखते, पाय टेकवत नाही. कशाने झालं? "झाडावरून पडलो." मी केसपेपरवर तेच लिहिलं. तळवे बघितले तर दोन्ही टाचांखालची गादी चेपून पसरलेली, बोटाने दाबलं की खालचं हाड हाताला लागत होतं. झाडावरून पडलेल्याच्या दोन्ही टाचा सहसा अशा एकसारख्या होत नाहीत. मला कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं कळलंही होतं. चोरी कुठेही होवो, पोलिसांची पहिली गाडी बेड्यावर जाते, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, पारधी त्यातले. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कागदावरून पुसला गेला. त्या मुलाच्या तळपायांपर्यंत ती बातमी पोचली नव्हती.

मी त्याला नेहमीसारखं पालथं झोपवलं, कमरेला पॅड चिकटवले आणि मशीनचं बटण फिरवलं. कंबरदुखीला आम्ही हलका करंट देतो, मुंग्या आल्यासारखं वाटतं, म्हाताऱ्या बायकांना तर त्यात डुलकी लागते. तो मुलगा ओरडला नाही. टेबलावरून एकदम खाली आला आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला. गुडघे छातीशी, दोन्ही हात डोक्यावर, पॅडच्या वायरी कमरेवरून लोंबत होत्या. त्याची आई त्याच्याकडे धावली नाही. ती दाराकडे बघत होती, कोणी येतंय का.

मी मशीन बंद केलं, वायरी काढल्या, पाणी दिलं. दोघं निघून गेले, पुन्हा आले नाहीत. केसपेपरवर झाड तसंच राहिलं.

पुढे मी शिकले. छळ सोसलेल्या माणसाला विजेचं मशीन लावायचं नाही. पालथं झोपवायचं नाही, आपण त्याच्या पाठीमागे उभं राहायचं नाही. दार त्याच्या डोळ्यांसमोर हवं. हात लावण्याआधी विचारायचं, आणि तो थांबा म्हणाला की त्याच क्षणी थांबायचं, कारण याआधी त्याच्या "थांबा"ला कोणी थांबलेलं नसतं. शेक, श्वास, त्याच्याच हाताने त्याचा व्यायाम, घाई नाही. अशा जखमा कशा तपासाव्यात, कोणत्या शब्दांत नोंदवाव्यात यासाठी इस्तंबूल प्रोटोकॉल १९९९ पासून आहे, पण आमच्या शिक्षणात त्याचं नावही नव्हतं. डॉक्टरच्या कागदावरचा एक खरा शब्द पुढे कोर्टात त्या माणसाच्या बाजूने उभा राहू शकतो. माझ्या कागदावर झाड होतं.

याच संदर्भात एक तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. छळाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार चीनने ऑक्टोबर १९८८ मध्ये मंजूर केला. म्हणजे गु-चु-सुमच्या नावातला तो मार्च नुकताच होऊन गेला होता. आपण त्या करारावर १९९७ मध्ये सही केली, पण मंजुरी अजून दिलेली नाही. म्हणून मॅक्लिओडगंजच्या त्या टेबलावर बसून "बिचारे तिबेटी" असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मला तो बेडा आठवत होता. आणि "मुलाखतीत थर्ड डिग्री लावली हो" असं आपण हसत हसत बोलतो ना, ते मी तेव्हापासून बोलायचं सोडलं.

लुंगटा या नावाबद्दल. लुंगटा म्हणजे वाऱ्याचा घोडा. तिकडे डोंगरावर दोऱ्यांना पाचरंगी पताका फडफडतात, त्यांवर छापलेला असतो तोच. माणसाचं नशीब, त्याची हिंमत या अर्थानेही तिबेटी लोक हा शब्द वापरतात. यातला लुंग म्हणजे वारा, आणि तिबेटी वैद्यकात लुंग म्हणजे आपला वात. झोप न लागणं, छातीत धडधड, जरा आवाज झाला की दचकणं, मन ठिकाणावर नसणं, याला ते सोक-लुंग म्हणतात. जीवाचाच वात बिघडलेला. तुरुंगातून आलेले कितीतरी जण वैद्याकडे हेच नाव घेऊन जातात. मानसिक आजार म्हटलं की आपल्याकडे माणूस अंग चोरतो. तिथे "लुंग झालाय" असं शेजाऱ्यालाही सांगता येतं, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. धरमशालेत मेन-त्सी-खांग ही तिबेटी वैद्यकाची संस्था १९६१ पासून आहे. तिथल्या परंपरेत लुंगवर गोळ्या असतातच, पण सोबत सांगतात ते गरम आणि कसदार जेवण, ऊब, आणि आपल्या माणसांच्यात राहणं. एकटं बसायचं नाही.

आता असा विचार करा. बाराव्या वर्षी मठात गेलेली मुलगी. विशीत मोर्च्यात घोषणा दिली म्हणून तुरुंग. सुटल्यावर मठ परत घेत नाही. मग बर्फातून चालत नेपाळ, तिथून धरमशाला. हातात धंदा नाही, हिंदी नाही, इंग्रजी नाही, घरी फोन केला तर घरच्यांना त्रास. तिला समुपदेशन हवं, औषध हवं, हे खरंच. पण सकाळी उठून कुठे जायचं? लुंगटासारख्या जागेची किंमत मला इथे दिसते. तांदूळ धुवायला कोणीतरी हवं असतं. बाराला दार उघडायचं म्हणजे साडेअकराला टेबलं पुसून झालेली हवीत. महिन्याच्या शेवटी पैसे येतात, ते उपकाराचे नसतात. मी क्लिनिकमध्ये अर्धा तास देऊ शकते. उरलेला दिवस असा कोणीतरी द्यावा लागतो.

गु-चु-सुम संघटनेच्या शिवणकामाच्या दुकानातून मी तीन कापडी पिशव्या घेतल्या. एकीचा पट्टा लांब होत होता. काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडून पिशवी घेतली, माझ्या खांद्याला लावून बघितली, टाचणी खोचली आणि तिथेच सुई-दोरा काढला. त्यांचा उजवा अंगठा वळत नव्हता. सुई त्या तर्जनी आणि मधल्या बोटात धरत होत्या आणि अंगठ्याच्या कडेने नुसती ढकलत होत्या. मी त्यांच्या बोटांवरची नजर काढून मुद्दाम टाक्यांवर ठेवली. टाके मोजून घातल्यासारखे, एकसारखे, शेवटाला दोनदा मागे फिरवून गाठ. दोरा दाताने तोडून त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी जोरात ओढून दाखवला. "मजबूत है." त्या पिशवीतून मी गेली कित्येक वर्षं भाजी आणते, तो टाका अजून उसवलेला नाही.

खाण्यासोबत वेळही द्यावासा वाटला तर मॅक्लिओडगंजमध्ये दुपारी इंग्रजी संभाषणाचे वर्ग भरतात. पर्यटकाने जाऊन तासभर बसायचं, तीन-चार विद्यार्थी वाटून मिळतात. इंग्रजी फार फर्डं लागत नाही. माझ्या गटात एक चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते, वही पुठ्ठा घालून नीट ठेवलेली. विषय होता घर. कांद्याचा भाव, छताची गळती, माकडं, असं सगळं बोलून झालं. मग त्यांनी वहीत बोट ठेवून विचारलं की "लिव्ह्ड" आणि "हॅव लिव्ह्ड" यात फरक काय. मी म्हटलं, एक संपलेलं, दुसरं अजून चालू असलेलं. मराठीत सांगायचं तर एक "राहिलो", दुसरं "राहतोय". त्यांनी थोडा विचार केला आणि सावकाश दोन वाक्यं लिहिली. मग वाचून दाखवली. "आय लिव्ह्ड इन ड्रापची सिक्स इयर्स. आय हॅव लिव्ह्ड इन धरमशाला इलेव्हन इयर्स."

ड्रापची हा ल्हासाचा तुरुंग. मला ते माहीत होतं. त्यांनाही कळलं असावं की मला माहीत आहे. ते वहीवर पेन धरून माझ्या दुरुस्तीची वाट बघत होते. मी म्हटलं, दोन्ही बरोबर, फक्त वर्षांच्या आधी "फॉर" घाला. त्यांनी दोन्हीकडे घातलं आणि खाली रेघ मारली.

पहिल्या वर्षी आम्ही परतलो आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, ३० नोव्हेंबर २०१८ ला, पाल्देन ग्यात्सो धरमशालेत वारले. ३३ वर्षं तुरुंगांत आणि श्रमछावण्यांत काढलेले भिक्षू. १९९२ मध्ये निसटले तेव्हा त्यांनी छळाची हत्यारं सोबत आणली होती, विजेचे दंडुके, बेड्या. पुढे ती जगभर दाखवली, १९९५ मध्ये जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांपुढे साक्ष दिली. बातमी वाचून भाचीचा फोन आला. तिचा प्रश्न रास्त होता: "आत्या, मग विचारायचं नाही तर कळणार कसं?" मी तिला म्हटलं, त्यांनी सांगितलं ते वाच, बघ, दहा जणांना सांग. ते स्वतः उठून, वेळ आणि जागा ठरवून बोलले. आपल्याला कुतूहल आहे म्हणून दुसऱ्या कोणाला बोलावं लागेल असं करू नकोस. दुसऱ्या वर्षी एका टूरचा माणूस रस्त्यावर उभा राहून आपल्या वीस जणांना सांगत होता, "आत जे काम करतात ना, त्या सगळ्यांना खूप मारलेलं आहे, फोटो काढा." कंपनीचं नाव लिहीत नाही. पण तुमच्या गाइडने असं काही सुरू केलं तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, एवढी कळकळीची विनंती आहे.

बाकी माहिती थोडक्यात. नागपूरहून दिल्ली, मग पठाणकोटपर्यंत रेल्वे आणि पुढे टॅक्सी किंवा बस, किंवा दिल्लीच्या मजनू का टीला इथून रात्रीची बस. त्या बसमध्ये वळणं फार लागतात, आवळासुपारी जवळ ठेवा. आम्ही उतरलो त्या लॉजमध्ये सांगितलेलं गरम पाणी तीन दिवस आलं नाही, तेव्हा खोली बघून, नळ सोडून बघूनच पैसे द्या. गुडघे दुखत असतील तर जोगीवाडा रस्ता उतरताना काठी घ्या, परत चढताना दोनदा थांबा. हॉटेलात दुपारी लवकर गेलेलं बरं, जागा मोजकी असते. निघताना टिप द्यायची असेल तर गाजावाजा न करता द्या. घरी न्यायला काही घ्यायचं असेल तर चौकातल्या दुकानांच्या आधी शिवणकामाच्या दुकानात डोकवा.

२०१९ मध्ये मी एकटी गेले तेव्हा तोच उंच माणूस होता. त्याने मला ओळखलं असं वाटलं नाही. मी रोज त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे, ताट मागवायचे, छान झालंय म्हणायचे, निघायचे. चौथ्या दिवशी मी पर्समधून पैसे काढत असताना संत्राबर्फीचा डबा टेबलावर आला. त्याने डब्यावरचं नाव वाचलं. "नागपूर?"

"हो, नागपूर."

ट्रे बाजूच्या टेबलावर ठेवून तो उभा राहिला. म्हणाला, त्याची मावशी स्वेटर घेऊन नागपूरला यायची, दोन हिवाळे तोही सोबत होता. पहाटे थंडीत दुकानाच्या फळ्या काढायचा, समोरच्या गाडीवर तर्री-पोहे खायचा. पहिल्या दिवशी तर्रीने डोळ्यांतून पाणी आलं तर गाडीवाल्याने त्याला फुकट दही दिलं, दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी दही वेगळं ठेवायचा. "अच्छा आदमी था," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, ती गाडी अजून आहे का. मी म्हटलं, कुठे लागायची ते सांगा, गेल्यावर बघून येते. त्याने बिलाच्या मागे पेनने रस्ता काढून दिला, चौक, वळण, झाड, आणि झाडाखाली एक छोटा चौकोन.